टेबल नंबर नऊची मधली खुर्ची

ताईंना ही नोकरी एका प्रश्नावर मिळाली. समोर तीन साहेब बसले होते आणि त्यांच्यापुढे ताईंचे कागद पसरलेले होते. आधी मुलींच्या वसतिगृहावर देखरेख, मग एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीमागे एकोणीस वर्षं. कागद कुणी धड वाचले नाहीत. मधल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुम्ही एकट्याच राहता ना?"

"हो," ताई म्हणाल्या.

"मग तुम्हाला कळेल," साहेब म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून ताई कामावर रुजू झाल्या.

आता, एखादी बाई एकटी राहते म्हणून तिला जगातल्या समस्त एकट्यांचं मन कळतं असं मानायचं, म्हणजे ज्याचा दात दुखतो त्यालाच दाताचा डॉक्टर करण्यातला प्रकार. पण साहेब लोकांना हे कोण सांगणार? ताईंनीही सांगितलं नाही. त्यांना नोकरी हवी होती, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी आपल्या एकटेपणाला कामाचं मानलं याचं त्यांना जरा बरंच वाटलं.

कंपनी क्रूझची. पाच जहाजं, आठ-दहा दिवसांच्या सफरी. जोडपी यायची, कुटुंबं यायची, मित्रांची टोळकी यायची आणि डेक डोक्यावर घ्यायची. अलीकडे मात्र एकेकटी माणसं फार वाढली होती. कुणाची बायको गेलेली, कुणाचं लग्नच झालेलं नाही, कुणाच्या नवऱ्याला समुद्र म्हटलं की ओकारी. ही माणसं परत जाताना अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्याला चांगले शेरे द्यायची आणि खाली बारीक अक्षरात लिहायची, 'सगळं छान होतं, पण जेवायला बसवत नव्हतं.' असे सत्तरेक फॉर्म साठले तेव्हा कंपनीनं एकट्या प्रवाशांसाठी वेगळा विभाग काढला. विभाग म्हणजे चौथ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारी, खांबाच्या आड एक टेबल, एक फोन आणि ताई.

गंमत अशी, की ताईंनी जहाजावर कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. नदी ओलांडायच्या होडीतसुद्धा त्यांचं पोट ढवळायचं. जहाजाचा नकाशा मात्र टेबलाच्या काचेखाली होता आणि तो त्यांना तोंडपाठ होता. कुठल्या केबिनला इंजिनाचा आवाज येतो, जेवणघराच्या कुठल्या कोपऱ्यात पंख्याचा वारा थेट मानेवर बसतो, हे जहाजावरच्या माणसांपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं.

त्यांची कामाची पद्धत त्यांची स्वतःची होती. सफर निघायच्या आठ दिवस आधी त्या प्रत्येक एकट्या प्रवाशाला स्वतः फोन करायच्या. आवडीनिवडी विचारायच्या नाहीत. एकच प्रश्न विचारायच्या, "घरी जेवताना तुम्ही कुठे बसता?" पलीकडून आधी "म्हणजे काय?" असं यायचं. मग माणूस बोलायला लागायचा. कुणी ओट्यापाशी उभ्यानंच जेवायचं, कुणी टीव्हीसमोर, कुणी पेपर वाचता वाचता. एका निवृत्त बाईंनी सांगितलं होतं, मी पलंगावर ताट घेऊन बसते, निदान भिंत तरी पाठीशी असते. ताई हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहायच्या. एका माणसाचं एक कार्ड. मग आपल्या टेबलावर आठ-आठ कार्डं मांडायच्या, चार इकडे, चार तिकडे, जशी माणसं समोरासमोर बसणार तशी. दोन बडबडे शेजारी आले की एकाला उचलून दुसरीकडे. ज्याचं दुःख ताजं आहे त्याच्यासमोर उपदेश करणारा जुना विधुर चुकूनही बसवायचा नाही. झेरॉक्स काढायला येणारे लोक विचारायचे, "काय ताई, पत्ते खेळताय का?" ताई म्हणायच्या, "हो, आणि तुमच्यासारखे जोकर आधीच बाजूला काढून ठेवलेत."

तर अशा त्या. तोंडानं फटकळ, कामाला पक्क्या. आणि ज्या नियमामुळे त्यांचं कंपनीत नाव झालं, तो नियम त्यांच्या स्वयंपाकघरातून आलेला होता.

घर दोन खोल्यांचं. खिडकीपाशी एक लहान टेबल आणि दोन खुर्च्या. एक ताईंची, एक आईची. आई सहा वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर चार महिने ताईंना त्या टेबलावर घास गिळवला नाही. समोर खुर्ची तशीच. त्यांनी तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून पाहिला, धुतलेले कपडे टाकून पाहिले. वर्तमानपत्रं ठेवली तरी ती आईचीच खुर्ची दिसायची. शेवटी एका रविवारी त्यांनी कंबर कसली, स्टुलावर चढल्या आणि खुर्ची माळ्यावर ढकलून दिली. त्या दुपारी त्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

जहाजावरून येणारे फॉर्म वाचताना त्यांना हेच आठवायचं. आठ जणांचं टेबल असतं. एखाद्याला समुद्र लागतो, एखादा वर डेकवरच काहीबाही खाऊन घेतो, एखाद्याला नकोसं होतं. तो येत नाही. त्याची खुर्ची, त्याचं ताट तसंच मांडलेलं राहतं. मग उरलेल्या सातांची नजर फिरून फिरून तिकडेच. बोलणं आटतं. कारण त्या सातांतल्या प्रत्येकाच्या घरी एक रिकामी खुर्ची असते, आणि तिच्यापासून पळ काढूनच तर ते समुद्रावर आलेले असतात. म्हणून ताईंनी नियमपुस्तिकेत अकरावा नियम घातला. 'जेवण सुरू झाल्यावर पाच मिनिटांत प्रवासी आला नाही, तर त्याची खुर्ची, ताट व काटे-चमचे उचलावेत आणि बाकीच्यांना सरकवून घ्यावे. टेबलावर जागा रिकामी दिसू नये.'

नियम लागू झाला आणि शेरे बदलले. 'आमचं टेबल म्हणजे घरच झालं होतं,' असं लोक लिहायला लागले. ताईंना मीटिंगमध्ये टाळ्या मिळाल्या आणि काचेचं एक लहान जहाज मिळालं, कागदांवर ठेवायला. पाचही जहाजांवर अकरावा नियम गेला. एका जहाजावर एक वेटर होता, चाळिशीतला, दोन मुलींचा बाप. हालचालींत इतका चपळ की सगळे त्याला भिंगरीच म्हणायचे. तो सुटीवर आला की चौथ्या मजल्यावर ताईंना भेटायला हमखास यायचा.

"ताई, तुम्ही पाच मिनिटं लिहिलीत, मी चारांत उचलतो. बाकीच्यांना कळतसुद्धा नाही की इथे कुणी बसायचं होतं."

"शाब्बास," ताई म्हणायच्या. किती सहज म्हणायच्या.

भिंगरीच्याच जहाजाची एक सफर निघायची होती तेव्हा ताईंनी नेहमीप्रमाणे फोन केले. त्यात एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ होते. वय एकाहत्तर. आवाज स्वच्छ, बोलणं मोजून-मापून.

"घरी जेवताना कुठे बसता?" ताईंनी विचारलं.

"घरी नाहीच जेवत. दुकानातच, काउंटरमागे. समोर शंभरेक घड्याळं असतात. बोलत नाहीत बिचारी, पण सोबत होते." मग ते म्हणाले, "बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. हे तिकीट लेकीनं काढलंय. म्हणते, बाबा, माणसांत जा. मी म्हटलं, जातो बाई."

"छान केलंत. काही खास हवंय का तुम्हाला?"

"एक विनंती आहे. मला कडेला बसवू नका. मला डाव्या कानानं कमी येतं ऐकू. कडेला बसलं की नुसतं लोक हसताना दिसतात, का हसले ते कळत नाही. मध्ये बसवाल?"

ताईंनी त्यांच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं, 'मध्ये.' टेबल नंबर नऊ, मधली खुर्ची. उजव्या हाताला एक गोड बोलणारी, निवृत्त शिलाई शिक्षिका. समोर एक बसचालक, ज्याला विनोद सांगायची खोड. कार्डं मांडून झाल्यावर ताई बराच वेळ त्या टेबलाकडे बघत होत्या. इतकं जमून आलेलं टेबल त्यांच्या हातून क्वचितच झालं होतं.

पहिले दोन दिवस सगळं ठीक चाललं. घड्याळवाले पहिल्या दिवशी गप्प गप्प होते, दुसऱ्या दिवशी त्यांनी शिलाई शिक्षिकाबाईंचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ टेबलावरच उघडून सुरू करून दिलं. आख्ख्या टेबलानं टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बाथरूममध्ये पाय घसरून पडले. आदल्या रात्री त्यांनी दारावर 'झोपू द्या' ची पाटी अडकवली होती, ती तशीच होती. सफाईवाल्यानं पाटी पाहिली आणि तो पुढच्या दाराकडे गेला. जोडप्यातलं एक पडलं तर दुसरं आरडाओरडा करतं. एकट्याच्या केबिनमध्ये कोण करणार? मदतीची घंटा वाजवायची दोरी होती, पण ते जिथे पडले तिथून हातभर लांब. नाश्ता आणि दुपारचं जेवण जहाजावर कुणी कुठेही घेतं, त्यामुळे तेव्हा त्यांची आठवण कुणाला झाली नाही. सगळ्या दिवसात एकच जागा अशी होती जिथे एक माणूस कमी आहे हे दिसलं असतं. ती म्हणजे रात्री आठ वाजताचं टेबल नंबर नऊ.

आठ वाजून चार मिनिटांनी भिंगरीनं खुर्ची उचलली.

शिक्षिकाबाईंनी विचारलं होतं, "ते आले नाहीत वाटतं?" पण भिंगरी हसून म्हणाला, "वर हवा खात असतील," आणि सगळे जरा जरा सरकून बसले. बसचालकानं विनोद सांगितला, तो रंगला. चौथ्या दिवशी तर भिंगरीनं सातच ताटं मांडली, काल आले नव्हते म्हणून. पाचव्या दिवशी सकाळी जहाज बंदराला लागलं. उतरणाऱ्यांची मोजणी झाली, एक माणूस कमी भरला, आणि तेव्हा कुठे ते दार उघडलं गेलं.

डॉक्टरांचा कागद आठ दिवसांनी कचेरीत आला. खुब्याचं हाड मोडलेलं, डोक्याला मार. आणि खाली एक ओळ, की मृत्यू चौथ्या दिवशी दुपारच्या सुमारास. ताईंनी ती ओळ वाचली आणि बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी रात्री खुर्ची उचलली तेव्हा घड्याळवाले जिवंत होते. कुणी येईल म्हणून ते पडून होते आणि वर त्यांचं ताट उचललं जात होतं. ताईंनी तो कागद काचेच्या जहाजाखाली ठेवला, परत काढला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

चौकशीची मीटिंग झाली. मोठे साहेब म्हणाले, "सफाईवाला पाटी बघून गेला, ते त्याच्या नियमात बसतं. पण वेटर? रोज जेवायला येणारा माणूस आला नाही, हे त्यानं कळवायला नको? सरळ निष्काळजीपणा आहे."

"कळवा असं नियमात कुठे लिहिलंय?" ताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मोठे साहेब मऊ आवाजात म्हणाले, "ताई, पुस्तिकेवर कुणाचंच नाव नसतं. कंपनीचं असतं. तुम्ही कशाला अंगाला लावून घेता?"

आणि ताई गप्प बसल्या. इथे त्यांची बाजू घ्यावी असं कितीही वाटलं तरी घेता येत नाही. त्या गप्प बसल्या, त्या दिवशी आणि पुढचे अकरा दिवस. सगळं खापर भिंगरीवर फुटत होतं आणि त्या खांबाआड बसून पुढच्या सफरीची कार्डं मांडत होत्या. त्यांना भीती वाटत होती. नोकरीची तर होतीच, पण त्याहून जास्त या गोष्टीची, की एकदा तोंडानं कबूल केलं की ते खरं होईल.

बाराव्या दिवशी भिंगरी आला. त्याला जहाजावरून उतरवून घरी बसवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात नियमपुस्तिका. तो खुर्चीवर बसला नाही.

"ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही पाच मिनिटं लिहिली होती. मी चारांत उचलली." त्यानं पुस्तिका उघडली. "ते एक मिनिट थांबलो असतो तर झालं नसतं का हे?"

त्या माणसानं बारा दिवस घरी बसून आपला गुन्हा शोधला होता आणि त्याला त्या एका मिनिटाखेरीज काही सापडलं नव्हतं.

"नाही रे," त्या कशाबशा म्हणाल्या. "मिनिटाचं काही नाही. तू घरी जा, मी बघते."

बघते म्हणाल्या, पण कसं बघणार ते त्यांना माहीत नव्हतं. त्याच दुपारी घड्याळवाल्यांची लेक आली.

ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करायची. ओढलेला चेहरा, पायांत कामावरचे सपाट बूट. खाली तिनं सांगितलं होतं, ज्या बाईंनी बाबांना फोन केला होता त्यांनाच भेटायचंय, साहेब-बिहेब नकोत. मोठ्या साहेबांनी वरून ताईंना फोन केला. "चार शब्द बोलून सांत्वन करा. बाकी काही विचारलं तर कानांवर हात ठेवा."

लेक समोर बसली. पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही.

"टेबलावर आणखी सात माणसं होती ना?" तिनं विचारलं.

"हो."

"दोन रात्री. त्यातल्या एकालाही वाटलं नाही, की हा माणूस कुठे गेला?"

ताईंच्या जिभेवर भिंगरीचं नाव येऊ शकत होतं. तसं सांगायला सगळी कचेरी तयारच होती. ताईंनी खण उघडला, नियमपुस्तिका काढली, अकराव्या नियमाचं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं. "त्यांना वाटू नये अशीच सोय केली होती. हा नियम माझा आहे. मी लिहिलाय. वेटरनं फक्त पाळला."

लेकीनं तो दोनदा वाचला. वाचताना ओठ हलत होते.

"का?" ती म्हणाली.

ताईंनी सांगितलं. आईची खुर्ची, ते चार महिने, तो माळा. सांगताना त्यांच्याच लक्षात आलं की हे सगळं किती क्षुल्लक वाटतंय.

"म्हणजे तुम्हाला बघवत नव्हती, म्हणून," ती शेवटी म्हणाली.

"हो."

तिनं पुस्तिका मिटून ठेवली. झेरॉक्स काढायला कुणीतरी आलं आणि दोघींकडे पाहून कागद न काढताच परत गेलं.

"दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "मी विचारलं, करमतंय का? म्हणाले, अगं, इथे माझी खुर्ची ठरलेली आहे. अगदी मधली. मी नाही गेलो तर सगळ्यांना लगेच कळेल. इतके खूश होते हो." तिनं पर्स मांडीवर ओढली. "त्यांच्या हातात घड्याळ होतं. मला परत दिलं तेव्हा चालू होतं. ते पडल्यापासून बघत असतील. आठ कधी वाजतात ते बघत असतील. त्यांना वाटलं असेल, आठ वाजले की कळेल."

ताईंनी माफी मागितली नाही. मागण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, आणि देणं त्या मुलीच्या हातात असलं तरी तिनं का द्यावं? जाताना तिनं फक्त बाबांचं कार्ड मागितलं. ताईंनी ते शोधून दिलं. लाल शाईतला तो शब्द तिनं अंगठ्यानं एकदा पुसल्यासारखा केला, कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि ती निघून गेली.

ताईंनी त्याच दुपारी पत्र लिहिलं. दोन पानी, स्वतःच्या नावानं, खाली सही. नियम माझा, चूक माझी, वेटरला परत घ्या. आणि त्याबरोबर अकरावा नियम नव्यानं लिहून जोडला. 'खुर्ची व ताट कोणत्याही परिस्थितीत उचलू नये. दहा मिनिटे वाट पाहावी. त्यानंतर वेटरने स्वतः केबिनपर्यंत जावे, दारावर पाटी असली तरी ठोठावावे, आणि प्रवाशाला डोळ्यांनी पाहून यावे.'

मोठे साहेब पत्र हातात नाचवत म्हणाले, "रिकामी खुर्ची दिसली की लोक हिरमुसतात, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत."

"हो," ताई म्हणाल्या. "हिरमुसू देत."

"शेरे खाली येतील."

"येऊ देत ना. ते शेरे लिहायला माणूस घरी तरी पोचेल."

बरीच ओढाताण झाली. मेलेल्या माणसाच्या लेकीपुढे ताई सगळं बोलून बसल्या होत्या, तेव्हा कंपनीलाही फार ताणता येईना. शेवटी भिंगरी कामावर परत गेला. नवा नियम त्याच्या एका जहाजावर, तोही प्रयोग म्हणून, लागू झाला. बाकीच्या चार जहाजांवर आजही चार-पाच मिनिटांत खुर्च्या उचलल्या जातात. ताईंना तळमजल्यावर हरवलेल्या सामानाच्या तक्रारींवर बसवलं. खांबाआडचं टेबल हलवलं, काचेखालचा नकाशा कुणीतरी गुंडाळून कपाटावर टाकला.

तळमजल्यावर येऊन महिना झाला असेल. ताईंना ताप भरला आणि दोन दिवस त्या कामावर गेल्या नाहीत. कळवायलाही उठवलं नाही. तिसऱ्या दिवशी गेल्या तर टेबल होतं, खुर्ची नव्हती.

"अहो, काल मीटिंगला एक कमी पडत होती," शेजारचा कारकून म्हणाला. "तुम्ही दिसला नाहीत, म्हटलं घेऊन जावी. का हो, रजेवर होता का?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. ताईंनी वरून खुर्ची स्वतः आणली, लिफ्टमधून, दोन पाय पुढे धरून. बसल्या आणि त्यांच्या मनात आलं, आपण आणखी आठवडाभर आलो नसतो तरी चाललं असतं. हे त्यांना आधी माहीत नव्हतं असं नाही. पण नुसतं माहीत असणं वेगळं आणि जिथे बसायचं तिथे जागा मोकळी बघणं वेगळं. त्या दिवशी त्यांना फार, फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी माळ्यावरून आईची खुर्ची उतरवली. पुसली. एक पाय आखूड झाला होता, त्याखाली कागदाची घडी सारली आणि ती टेबलाशी, समोर ठेवली. जेवायला बसल्या. हलकं-बिलकं काही वाटलं नाही, उलट चार घास कमीच गेले. तरी त्यांनी खुर्ची ठेवली. आता बघवत नसलं तरी बघायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

अशाच एका रविवारी दुपारी त्या ताट वाढून घेत होत्या आणि फोन वाजला. भिंगरी होता. त्याचं जहाज लांबच्या समुद्रात होतं, तिकडे रात्रीचं जेवण चाललेलं. मागे ताटांचा खणखणाट ऐकू येत होता.

"ताई, आज सहा नंबरच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी राहिली."

ताईंचा हात वाढता वाढता थांबला. "मग?"

"दहा मिनिटं थांबलो. मग गेलो केबिनकडे. दारावर पाटी होती. ठोठावलं, काही नाही. परत ठोठावलं, काही नाही."

"अरे, पुढे बोल ना!"

"तिसऱ्यांदा जोरात ठोठावलं तेव्हा उघडलं. आत एक बाई, केस पिंजारलेले. अशा काही भडकल्या माझ्यावर! म्हणाल्या, मेलं जरा म्हणून झोपू देत नाही तुम्ही लोक. नाव सांग तुझं, आत्ता तक्रार करते."

"सांगितलंस नाव?"

"सांगितलं. तुमचंही सांगितलं."

ताई हळूच आपल्या खुर्चीवर बसल्या. समोर आईची खुर्ची होती.

"चांगल्याच चिडल्या होत्या?"

"लालबुंद झाल्या होत्या, ताई. दार माझ्या तोंडावर आपटलं."

"परत सांग," ताई म्हणाल्या.

"काय?"

"सगळं. तू दार ठोठावलंस तिथपासून."

आणि मागे लोक भात मागत होते, कुणीतरी त्याला हाका मारत होतं, तरी भिंगरीनं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.